चिमटेवाला

चिमटेवाल्याच्या गॅरेजात मोटार मावत नाही. सॅन होजे, सनीव्हेल, फ्रीमाँट ह्या पट्ट्यात ती फारशी कुणाच्याच गॅरेजात मावत नाही म्हणा. पण इतरांच्या गॅरेजात निदान कॉस्टकोतून आणलेले टिशू पेपरचे गठ्ठे असतात, त्यांचा कधीतरी उपयोग होतो. चिमटेवाल्याकडे श्रीखंडाचे रिकामे डबे असतात. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी आणि तिच्यावर सुवाच्य अक्षरात मजकूर. 'मॅग २१, वरची टोपी, ओरखडे.' 'क्वाड्रा, बोल्ट, आटे गेलेले, ठेवावे.' एकावर नुसतंच 'रॉकशॉक्सचं आहे, काय आहे ते नंतर.' भिंतीवर खुंट्यांना चिमटे टांगलेले. पुढचं चाक ज्यात बसतं तो सायकलचा चिमटा. पण ह्याचे चिमटे साधे नव्हेत, शॉकअपवाले, माउंटन बाइकचे, आणि सगळे नव्वदीच्या दशकातले. त्याआधी असे चिमटे दुकानात मिळत नव्हते. नंतरचे, त्याच्या मते, पुरेसे बिघडत नाहीत.

ही जमात जर्मनीत आहे, इंग्लंडात आहे, जपानात आहे. मी सांगतोय ती आमच्याकडची मराठी पोटजात. वय पंचावन्नच्या आसपास. नव्वदीच्या सुरुवातीला एम. एस. करायला आलेला, चौघांत एक अपार्टमेंट, आणि विद्यापीठाच्या वाटेवर सायकलचं दुकान. त्या दुकानाच्या काचेत त्याने तो चिमटा पहिल्यांदा पाहिला. स्वतःच्या वाट्याच्या महिन्याच्या भाड्यात तो बसत नव्हता. पुढे नोकरी झाली, ग्रीन कार्ड झालं, घर झालं, मुलं झाली, मुलांची कॉलेजं झाली. घर रिकामं झालं की आमच्यातले काही तबला शिकायला लागतात, काही मंडळाच्या नाटकात उभे राहतात. ह्याने चिमटा घेतला. पहिला.

त्याला इतिहास विचारू नये, कारण न विचारताही तो सांगतोच. मॅरिन परगण्यातला माउंट टॅमलपायसचा परिसर. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्सजवळच्या कच्च्या उतारावरून काही केस वाढवलेल्या तरुणांनी जुन्यापान्या जाडजूड सायकली खाली सोडल्या. पेडल उलटं दाबलं की मागच्या चाकाला ब्रेक लागायचा. खाली पोचेपर्यंत तो इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि पुन्हा भरावं लागायचं. म्हणून शर्यतीचं नाव 'रीपॅक'. चिमटे तेव्हा ताठ, लोखंडी. शॉकअपचं काम मनगटांकडे. मग मोटारसायकलींच्या शर्यतींत मुरलेल्या पॉल टर्नरने १९८९ साली रॉकशॉक्स काढली. १९९० साली कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा भरली आणि उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्डने रॉकशॉक्स लावून जिंकली. कोलोरॅडोतच डग ब्रॅडबरी मॅनिटू नावाचे चिमटे बनवत होता. इथवर आलं की चिमटेवाला थांबतो आणि दोन बोटांत अंतर दाखवतो. एवढंच दबायचे ते चिमटे. जेमतेम दोन इंच. आजच्या सायकली ह्याच्या दुप्पट-तिप्पट दबतात असं आपण म्हटलं, तर तो आपल्याकडे अशा नजरेने बघतो की आपण पुढचा चहा मागत नाही.

आता ह्या प्रकरणातली खरी गोम. मॅनिटूने नळीत स्प्रिंगच्या जागी पॉलियुरेथेनचे ठोकळे रचले. रॉकशॉक्सने क्वाड्रात आणि १९९५ च्या ज्युडीतही तेच केलं. कल्पना झकास होती. वजन कमी, हवा भरायची भानगड नाही, आणि रंगावरून ठोकळा कडक की मऊ ते कळतं. फक्त ते पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने आतून तुटत जातं. आधी भेगा पडतात, मग भुगा होतो आणि शेवटी बोटाला चिकटणारा तपकिरी राडा. त्यासाठी सायकल चालवावी लागत नाही. ठोकळा वापराने मरत नाही, वयाने मरतो. म्हणजे डोंगरावरून तीस वर्षं आपटलेल्या चिमट्यातला ठोकळा आणि दुकानाच्या माळ्यावर सीलबंद पाकिटात झोपलेला ठोकळा एकाच वारीला निघालेले असतात.

आणि चिमटेवाला नेमकं ते सीलबंद पाकीट शोधत असतो. मूळ, न वापरलेला, कंपनीच्या पाकिटातला. हा माणूस अडाणी नव्हे. त्याला रसायनशास्त्र पाठ आहे. तुम्हाला समजावून सांगताना तो पाण्याचा रेणू साखळीत कुठे घुसतो ते कागदावर काढून दाखवतो. तोच कागद उलटा करून त्यावर ओहायोतल्या एका बंद पडलेल्या सायकल दुकानाचा फोन नंबर लिहितो. पाकीट येतं. तो गॅरेजचं दार लावून घेतो. पाकिटात जे असायचं तेच असतं. बाहेर आल्यावर म्हणतो, "पाकीट मात्र अस्सल आहे." आणि अस्सल पाकीट श्रीखंडाच्या डब्यात जातं.

ह्यावर उपाय नाही असं नाही. युरेथेनची कांडी आणून हव्या त्या लांबीचे तुकडे कापता येतात. काही हौशी मंडळी पोलादी स्प्रिंगा वळवून घेतात. रविवारच्या दुपारी होणारं काम. हे करणाऱ्यांचा वेगळा पंथ आहे. त्यांच्या सायकली चालतात, शनिवारी सकाळी ते डोंगरावर असतात, त्यांची पोटं सपाट आहेत. चिमटेवाला त्यांचं नाव निघालं की पाणी प्यायला उठतो. पण त्याहून जास्त राग इटालियन मार्झोकीच्या बॉम्बरवर. तो नारिंगी चिमटा १९९७ सालचा, आत पोलादी स्प्रिंग आणि भरपूर तेल. सील बदललं, तेल बदललं की पुन्हा सुरू. "त्यात काय राम आहे?" असं तो विचारतो, आणि आपल्याला खरंच उत्तर देता येत नाही.

ह्या नादाचा समाजात त्रास होतो. गणपतीच्या आरतीनंतर, प्रसादाची ताटली हातात घेऊन, तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, "पंच्याण्णवची पिवळी ज्युडी आहे, खालून गळते, पण मला चालेल." मंडळाच्या कार्यकारिणीत ह्या वाक्यावर बराच काळ चर्चा झाली.

त्याला सगळ्यात जास्त डाचतं ते हे की कंपनी जवळच होती. रॉकशॉक्स नव्वदीच्या दशकात इथे सॅन होजेत होती. हा रोज त्याच शहरातून ऑफिसला जायचा. १९९६ साली कंपनी शेअर बाजारात आली, २००० साली उठून कोलोरॅडो स्प्रिंग्जला गेली, २००२ साली स्रॅम ह्या दुसऱ्या कंपनीने ती घेतली. "जाताना स्टोअर रिकामं केलं असणार ना रे त्यांनी? कुठे गेलं असेल सगळं?" हे तो असं विचारतो, जणू पेशव्यांचा खजिना. त्याच्या दृष्टीने ह्या गावाची भरपाई एकाच गोष्टीने झाली: १९९५ साली पिएर ओमिद्यारने इथेच ईबे सुरू केली. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर, १४ डॉलर ८३ सेंटला. आणि घेणारा म्हणाला की मी बिघडलेले पॉइंटरच जमवतो. ही कथा चिमटेवाला सत्यनारायणाच्या भक्तिभावाने सांगतो.

त्याच्या बायकोबद्दल लोकांना उगाच कणव वाटते. ती चिप बनवायच्या यंत्रांच्या कंपनीत निर्वात कक्षांचं काम बघते. तिथे सगळा खेळ ओ-रिंगांचा, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी कड्यांचा. हा मॅग २१ च्या ओ-रिंगसाठी वर्षभर तीन खंडांत पत्रव्यवहार करत होता. मॅग २१ हा हवा-तेलाचा चिमटा. टोपीवरचा स्क्रू काढून आतल्या रबरी व्हॉल्व्हमध्ये फुटबॉलची सुई खुपसून हवा भरायची. ती हवा रात्रभर टिकत नव्हती आणि ओ-रिंगही मिळत नव्हती. एके दिवशी बायकोने भाजी चिरताना विचारलं, "अरे, दाखव तरी ती." कॅलिपर लावला, कॅटलॉग उघडला. अमेरिकन माल, इंचातलं ठरलेलं माप, छापील नंबर. दुसऱ्या संध्याकाळी ती ऑफिसजवळच्या दुकानातून शंभराचं पाकीट घेऊन आली. कणकेला लागणाऱ्या वेळात प्रश्न मिटला. चिमटेवाला दोन दिवस कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने तो चिमटा बाजूला ठेवून दुसरा उघडला, ज्यातलं माप कुठल्याच कॅटलॉगात नव्हतं. चेहरा लगेच सुधारला.

डिसेंबरात तो पुण्याला येतो. आईला भेटायला, असं सांगून. दुसऱ्या दिवशी नाना पेठेत उभा.

"शॉकअपचं सील पाहिजे."

"गाडी कुठली?"

"सायकल."

दुकानदार वर बघतो. टी-शर्ट, बूट, उच्चार ह्यांवरून सगळा हिशेब लागतो. "साइज?"

"पंचवीस पॉइंट चार."

"पंचवीस घ्या."

"पॉइंट चारचा फरक आहे ना."

"साहेब, आपण येझदीला कुठल्याही गाडीचं सील बसवून देतो. महाबळेश्वर करून येतात लोक."

इथे चिमटेवाल्याची खरी परीक्षा असते. कारण दुकानदाराचं म्हणणं खरं आहे हे त्याच्यातल्या पुणेकराला कळतं, आणि पॉइंट चार म्हणजे काय हे त्याच्यातल्या इंजिनिअरला कळतं. दोघं मिळून काहीच न घेता बाहेर पडतात. रविवारी जुन्या बाजारात एक फेरी होते. तिथे पितळी बंब मिळतो, ग्रामोफोनचा कर्णा मिळतो, कुणाच्या तरी आजोबांचं चष्म्याचं घर मिळतं. मॅनिटूचे ठोकळे मिळत नाहीत. मग भोसरी. ओळखीतल्या ओळखीत एक लेथवाला. त्याच्यासमोर हा मॅग २१ ची टोपी कापडातून काढून ठेवतो. लेथवाला ती फिरवून बघतो, आटे बघतो, म्हणतो, "होईल की. पण एका पीसला मशिन लावून काय करता? शंभर घ्या, परवडेल." हा हिशेब कुणालाही पटेल असाच असतो. सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर कस्टमवाला बॅग उघडतो. चकल्या, गोडा मसाला, लिंबाचं लोणचं आणि ॲल्युमिनियमच्या शंभर टोप्या. लोणच्याबद्दल तो काही विचारत नाही.

एक मात्र सांगायला हवं. चिमटा मिळणं ही अर्धीच गोष्ट. तो सायकलला लागायला पत्रिका जुळावी लागते. चिमट्याची मान, म्हणजे फ्रेमच्या नळीतून वर जाणारा दांडा, कुणाचा एक इंची, कुणाचा एक इंच एक सूत, आणि सायकली बनवणाऱ्या गॅरी फिशरच्या कृपेने काहींचा सव्वा इंची. हे सव्वा इंचवाले मंगळाचे, त्यांना तसंच स्थळ लागतं. मग आटे आहेत की नाहीत. मग लांबी; आधीच्या मालकाने आपल्या फ्रेमपुरता दांडा कापला असेल तर तो जन्मभर आखूड. चिमटेवाल्याने सांभाळलेल्या चिमट्यांपैकी बरेचसे ह्या कारणाने अविवाहित आहेत. त्यांच्यासाठी तो फ्रेमा बघतो. फ्रेम मिळाली की तिला ब्रेक नसतात. वर्षातून एकदा फेअरफॅक्सच्या सायकल म्युझियमला जातो, तिथल्या सायकलींसमोर गुडघ्यावर बसतो आणि खालून बघतो. २०१५ साली ते उघडलं. तिथली मंडळी आता अशा माणसांना सरावली असावीत.

तर गेल्या उन्हाळ्यात आमच्या मंडळातला एक पोरगा त्याच्याकडे गेला. नवीन नोकरी, भाड्याचं घर, आणि आधीच्या भाडेकरूने मागे टाकलेली सायकल. कुणीतरी ह्याचं नाव सुचवलं होतं.

"काका, चिमट्याची एक टोपी हवी होती. कॅलट्रेनच्या स्टेशनपर्यंत जायला सायकल वापरेन म्हणतो."

"कुठला चिमटा?"

"रॉकशॉक्स लिहिलंय. मॅग एकवीस."

काकांनी हातातला कप खाली ठेवला. "साल?"

"माहीत नाही."

"स्टिकर?"

"आहेत की. सगळे आहेत."

"दांडा किती सूत?"

"सूत?"

काका स्वतः बाहेर आले. सायकलभोवती एक फेरी मारली, पट्टी लावली, मान तिरकी करून नळ्या बघितल्या. नळ्यांवर ओरखडा नव्हता. मग अतिशय मायेने म्हणाले, "हे बघ बाळा, स्टेशनला जायला हे असलं काही नको. हवा बघा, तेल बघा. मी तुला साधा लोखंडी चिमटा बसवून देतो. काही बिघडायला नाहीच त्यात. फुकट. चाकाचे छर्रे पण बदलतो, ग्रीस भरतो." काकूंनी पोह्यांची बशी बाहेर आणली. तासाभरात पोरगा खूश होऊन, काकांचे पाय धरून, स्वतःच्या ताठ चिमट्यावर बसून घरी गेला.

चिमटेवाल्याने नवा चिमटा खुंटीला लावला. डावीकडची टोपी जागेवर होती, उजवीकडची नव्हती. फडताळात भोसरीच्या टोप्यांचा डबा होता. एकही खर्च न झालेला. त्याने तो उघडला, एक टोपी बसवून पाहिली. आटे लोण्यासारखे बसले. मग ती काढली, पुसली, परत डब्यात टाकली, चष्मा लावला आणि ओहायोला फोन लावला. त्याला मूळची हवी होती.