ठासणीचे काका

कोकणात दर दोन-तीन वाड्यांमागे एक तरी बंदूकवाले काका सापडतातच. त्यांची बंदूक ठासणीची, परवाना शेतीसंरक्षणाचा आणि बोलणं मात्र थेट हत्तीच्या शिकारीचं. आमच्या वाडीतले काका याच जातीचे. बंदुकीला हात लावण्याआधी तिच्याविषयी बोललं पाहिजे, असा त्यांचा दंडक आहे. आणि बोलणं संपेपर्यंत सहसा उजाडतं.

"काका, मोठ्या जनावराला कोणती गोळी लागते?" असं मी एकदा सहज विचारून बसलो. काकांनी पानाचा डबा पुढे ओढला, तेव्हाच मला उठायला हवं होतं.

"पयला जनावर सांग. भेकर, डुकर की गवो? जनावर ठरल्याबिगर गोळी नाय, गोळी ठरल्याबिगर बंदूक नाय. तुमी शेरातली माणसा आदी बंदूक घेतास आणि मगे डुकराक इचारतास, बाबा, तुका चलात मा?"

छर्रे म्हणजे काकांच्या लेखी पाखरांचा खाऊ. "गव्याक छर्रे मारलंस तर तेका वाटतला, कोणीतरी पाठ खाजयल्यान." मोठ्या जनावराला एकच, जड, अखंड शिशाची गोळी हवी, चामडं, चरबी, हाड ओलांडून ती आत गेली पाहिजे. शिसं मऊ, आदळलं की चपटं होतं, म्हणून जुने शिकारी त्यात कथील किंवा पारा मिसळून गोळी कडक करून घेत. गोळी गोल की लांबट, हा प्रश्न नळीला विचारायचा. लांबट गोळीला नळीत पीळ लागतो, नाहीतर ती हवेत कोलांट्या खाते. काकांच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत आहे. पीळ सगळा काकांत उतरलाय.

"आता बारा बोअर म्हंजे काय, सांग."

मला फक्त बाराचा पाढा येत होता. १ पौंड शिशाच्या सारख्या १२ गोळ्या ओतल्या, तर त्यातली एक जिच्यात बसते ती नळी बारा बोअरची. म्हणजे गोळी साधारण ३८ ग्रॅमची. आकडा लहान तितकी नळी मोठी. चार बोअरच्या गोळ्या पौंडात चारच बसतात. यावर मीही माझं थोडं ज्ञान पाजळलं: एकोणिसाव्या शतकात सॅम्युअल बेकर नावाचा साहेब अर्ध्या पौंडाचा गोळा फेकणारी बंदूक घेऊन आफ्रिकेत हत्तींमागे हिंडायचा, तिला 'बेबी' म्हणायचा, आणि बार काढला की स्वतःच गरकन फिरायचा, हे त्यानेच लिहून ठेवलंय. काका खूश झाले. पंधरवड्याने ही गोष्ट माझ्याकडे परत आली, तेव्हा बेकरसाहेब काकांच्या आजोबांकडे आंबोलीला दोन रात्री मुक्कामाला राहून गेला होता.

ठासणीची बंदूक मागासलेली, असं कोणी म्हटलेलं काकांना खपत नाही. १८५७ ज्या काडतुसांवरून पेटलं, ती काडतुसं ठासणीच्याच बंदुकीची होती, हे ते दर वेळी ऐकवतात. आणि हे खरं आहे. शिपायाने कागदी काडतूस दातांनी फोडायचं, दारू नळीत ओतायची आणि गोळी गजाने खाली ठासायची, अशीच ती रीत होती. १९५९च्या शस्त्र कायद्यातही पीक राखायला तोंडाकडून भरायची बंदूक चालते, असं स्वतंत्र लिहिलेलं आहे. काका ते कलम वेदवाक्यासारखं म्हणतात. १९७२च्या वन्यजीव कायद्याचा विषय निघाला की मात्र त्यांना तंबाखू सापडत नाही. गवा पहिल्या अनुसूचीत. त्याच्यावर बार काढला तर गवा रानात आणि काका आत. डुकरालाही वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावायची सोय नाही.

"मग एवढा हिशेब कशाला, काका?"

"मारूचो नाय म्हणान तेची गोळीय म्हायत असूची नाय?"

याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

गेल्या आश्विनात भात पिवळं पडलं आणि एका रात्री डुकरं खळ्याखालच्या मळ्यात शिरली. काकूंनी काकांना हलवून उठवलं. काका शांतपणे दारू मोजायला बसले. दारू नळीत गेली, त्यावर काथ्याचा बोळा, मग गजाने ठासणं.

"एकटो डुकर की कळप?" काकांनी विचारलं.

"खातत ते! मोजू काय?" काकू म्हणाल्या.

मग छर्रे की गोळी यावर काकांचा स्वतःशीच वाद झाला. नुसता आवाज करून पळवायचं असताना गोळी कशाला, हे काकूंचं म्हणणं दोन्ही पक्षांनी फेटाळलं. गोळी गेली, वर दुसरा बोळा गेला, केपची डबी मात्र सापडेना. ती काकूंनी चुलीपासून लांब म्हणून तुळशीमागच्या कोनाड्यात ठेवली होती. ती मिळेपर्यंत काकूंनी पत्र्याचा डबा बडवला होता आणि डुकरं जेवण आटोपून गेली होती.

आता पंचाईत अशी, की ठासणीची बंदूक एकदा भरली की रिकामी करायचा सोपा मार्ग एकच. भरलेली बंदूक घरात ठेवायला काकू तयार नव्हत्या. सकाळी अख्ख्या वाडीसमोर, पंधरा पावलांवरून, काकांनी मळ्याच्या मातीच्या बांधावर बार काढला. धूर विरायला वेळ लागला. नंतर सगळ्यांनी जाऊन भोक पाहिलं. काकांनी त्यात बोट घालून खोली मोजली आणि "गवो असतो तर..." एवढंच म्हणाले.

पुढे निवडणूक लागली आणि बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. भोक बांधात तसंच आहे. यंदाच्या पावसात त्यात कुर्ली राहायला आली.