परसदारातील कुळे

वाशीम जिल्ह्यात सरकारने कारंजा-सोहोळ येथे सुमारे १८ चौरस किलोमीटरांचे काळवीट अभयारण्य राखून ठेवलेले असताना, वाशीम शहरातील आमच्या न्हाणीघरामागच्या चिंचोळ्या परसदारातही त्याची एखादी पुरवणी असावी, ही कल्पना ज्या दिवशी माझ्या मनात उद्भवली, त्या दिवसापासून या जागेवरील माझी वहिवाट उत्तरोत्तर संकोच पावत आहे. योजना निरुपद्रवी होती : फरशी उखडावी, गवत वाढू द्यावे, पालापाचोळा जाळू नये, उन्हाळ्यात मातीच्या परळात पाणी ठेवावे आणि कीटकनाशकाची बाटली कायमची हद्दपार करावी. काळवीट येईल अशी माझी अपेक्षा नव्हती. सौभाग्यवतीची मात्र असावी, कारण तिने तुळशीवृंदावनाभोवती तातडीने कुंपण घातले.

पहिला कब्जा लिंबाळी फुलपाखराने घेतला, आणि तोही गोडलिंबावर. त्याच्या अळ्या बालपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसत असल्याने भुकेले पाखरूही त्यांच्याकडे आदराने पाहत नाही. पुढे त्या हिरव्यागार होतात, आणि काडीने डिवचल्यास डोक्यामागून नारिंगी दुहेरी शिंग काढून असा उग्र दर्प सोडतात, की मुरब्बी तलाठ्यानेही पंचनामा अर्धवट टाकून परतावे. आठवड्याभरात झाडाचे खराटे झाले. “आता फोडणीत काय घालू, फुलपाखरू?” हा सौभाग्यवतीचा सवाल अद्याप निकालाविना पडून आहे.

पाठोपाठ पाचोळा उलथापालथा करीत सातभाईंची कलकलती जमात आली. त्यांच्यासाठी टाकलेल्या दाण्यांवर उंदीर आले, आणि उंदरांच्या बंदोबस्तासाठी, कोणाच्याही हुकुमाची वाट न पाहता, धामण रुजू झाली. ती बिनविषारी असून १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला अभय दिले आहे, हे मी शेजाऱ्यांना साद्यंत समजावून सांगितले.

“गुरुजी, धामण गाईच्या पायाले वेढा घालून दूध पेते म्हनतात!”

सापाला दूध ओढून पिताच येत नाही, हा शास्त्रार्थ व्यर्थ गेल्यावर मी व्यवहारावर आलो : “पण आमच्याकडे गायच नाही.”

“म्हनूनच तं ते आमच्या घरी येईन!”

या युक्तिवादावर अपील नाही.

तात्पर्य शोधणाऱ्यांसाठी माझ्याजवळ एवढीच शिफारस आहे : गोडलिंबाची दोन झाडे लावा. एक फुलपाखरांसाठी, दुसरेही फुलपाखरांसाठीच. फोडणीपुरता पाला, सांबाराची जुडी घेतली की, भाजीवाली वरून फुकट देते.