छतावर कोण चालतं?

कोकणातल्या घराच्या कडीपाटाला काय लावावं, यावर महिनाभर घरात परिषद भरली होती. लाकूड सागाचं, म्हणजे अंगचंच तेल असलेलं. पण तेवढ्यावर गप्प बसू तर आम्ही कसले! मिस्त्री म्हणाला, "पीयू मारा साहेब, ओरखडा उठणार नाही." दहा फुटांवरच्या छताला ओरखडे काढणार कोण? तिथे पाल सोडून कुणाची वर्दळ नाही. काकांचा कौल चपडीच्या फ्रेंच पॉलिशला. पावसाळी ओलीने त्यावर पांढरे डाग उमटतात, हे त्यांना ऐकायचंच नव्हतं. आजीचा हट्ट काजूच्या टरफलांच्या तेलाचा. वाळवी दूर राहते हे खरं, पण लाकूड काळंकुट्ट होतं आणि थेंब पडला की कातडी भाजते. छताला लावताना थेंब कुठे पडणार, ते सांगायला नकोच. भाच्याला हवा होता 'नॅचरल लूक': म्हणजे लाकूड लाकडासारखं दिसावं म्हणून त्यावर लॅकरचे तीन हात!

शेवटी अळशीचं तेल फडक्याने चोळलं आणि फडकी पाण्यात बुडवली, कारण चोळामोळा करून टाकलेली तेलकट फडकी आपोआप पेटू शकतात.

आता पाहुणे वर बघतात आणि विचारतात, पंखा कुठल्या कंपनीचा?