बोईसरच्या रंगसम्राटास अनावृत पत्र

रा. रा. स्टुडिओमालक यांस,


तुम्ही तयार केलेली वारली चित्रांची पुस्तिका मिळाली. गेरूची भिंत काळवंडली आहे आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषा पिवळ्याधमक झाल्या आहेत. लग्नाचे अल्बम करून करून हात इतका बसला, की तुम्ही अख्ख्या तारपा नाचाला हळद लावलीत! गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली ती या दोनच रंगांच्या चित्रांसाठी. तुम्ही तेही सांभाळले नाहीत.

विचारलं तर म्हणालात, "कॅलिब्रेशनचं सॉफ्टवेअर टाकलंय की!" टाकलंत खरं. डिस्प्लेकॅलच निवडलंत, म्हणजे पारख आहे. फुकट आहे, आर्गिलसीएमएसच्या भक्कम इंजिनावर चालतं. फक्त पडद्याला टेकवून रंग मोजणारा कलरिमीटर जोडल्याशिवाय ते काही मोजत नाही, एवढी किरकोळ बाब राहून गेली. मग तुम्ही विंडोजमधल्या पट्ट्या डोळ्यांच्या अंदाजाने सरकवल्यात. डोळे मोठे समजूतदार असतात हो. थोड्या वेळात निळसर पडद्यालाही पांढरा म्हणू लागतात. पडदा निळाच राहिला, म्हणून मूळ चित्राशी जुळवताना तुम्ही पिवळा ओतलात. पडदा झगझगीत, म्हणून चित्राचा उजेड उतरवलात. छापखान्याने बिचाऱ्याने तुमची फाइल इमानाने छापली.

आणि हे कुठे घडावं? तारापूर एमआयडीसीच्या दारात! कापड रंगवणारा कारखानदार शेड जुळवायला लाइट बॉक्स आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर वापरतो, कारण लॉट परत आला तर भुर्दंड त्याला बसतो. तुमचा लॉट परत येत नाही. नवरा-नवरी केशरी आली तरी सासरचे "गोरी दिसतेय" म्हणून खूश.

सॉफ्टवेअर कोणतं, हा वाद तुम्ही चहाच्या टपरीवर खुशाल घाला. मला विचाराल तर आधी कलरिमीटर घ्या. कॅलिब्राइट किंवा डेटाकलरच्या यंत्रासोबत येणारं सॉफ्टवेअर तुमच्या कामाला पुरेसं आहे. डिस्प्लेकॅलमध्ये बारकावे जास्त, पण मूळ प्रकल्पाची शेवटची आवृत्ती 2019 ची, नव्या संगणकावर कुरकुरते. आयझोचा कलरनॅव्हिगेटर दुरुस्ती थेट मॉनिटरमध्येच लिहितो, पण त्यासाठी आयझोचाच मॉनिटर हवा आणि त्याची किंमत ऐकून तुम्ही मलाच हार घालून हाकलाल.

यंत्र आलं की आधी मॉनिटरचा तो लाडका 'व्हिविड' मोड बंद करा. पडदा अर्धा तास तापू द्या. पांढरा 6500 केल्विन, गॅमा 2.2, उजेड छपाईच्या कामाला 80 ते 120 कॅन्डेला प्रति चौरस मीटर. महिन्याने पुन्हा मोजा, पडदे उतरत जातात. तुमच्या खिडकीचा हिरवा पडदाही काढा, त्याने खोलीतला उजेड हिरवट होतो.

आणि पुस्तिका नव्याने छापून द्या. खर्च तुमचा.

आपला,
एक ग्राहक, पालघर