रा. रा. पोतेराव तागे यांस खुले पत्र

रा. रा. पोतेराव तागे यांस,
मुक्काम : कॉफी उतरते ते कोणतंही गोदाम

स. न. वि. वि.

आपला जाहीर सत्कार ही कॉफीच्या व्यापारावरची जुनी थकबाकी आहे. ब्राझीलचं पीक असो की व्हिएतनामची निर्यात, आंतरराष्ट्रीय कॉफी संघटना आजही सगळे आकडे 60 किलोच्या पोत्यांत मांडते. माल आता पुष्कळदा कंटेनरमध्ये मोकळाच ओतला जातो, आपली गरज पडत नाही, तरी हिशेबाच्या वहीत आपण आहातच. निवृत्तीनंतर एवढा मान मोठमोठ्या साहेबांनाही मिळत नाही.

पण हे पत्र आपल्या एका वेगळ्या कामगिरीबद्दल आहे. आपण कधी भेदभाव केला नाही. एका खेपेला एरंडी, पुढच्या खेपेला कॉफी. जे कोंबलं ते आपण पोटात घेतलं. आणि पाहुणा गेला तरी त्याची आठवण म्हणून थोडी धूळ विणीत जपून ठेवली.

एरंडीचा दाणा दिसायला देखणा, चकचकीत, ठिपक्याठिपक्यांचा. त्यातलं रायसिन हे विष हेरकथांमुळे प्रसिद्ध झालं, मात्र इथला आरोपी तो नव्हे. तेल काढल्यावर पेंडीत जी प्रथिनं उरतात त्यांत ‘2एस अल्ब्युमिन’ गटातलं एक आहे. अ‍ॅलर्जीच्या शास्त्रीय नोंदवहीत त्याचं नाव ‘रिक सी 1’. शरीर एकदा त्याच्यावर बिथरलं की पुढे चिमूटभर धूळही पुरते. 1928 मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात एरंडेल काढणाऱ्या गिरणीच्या आसपास राहणाऱ्या लोकांना दमा झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. वाऱ्यानं त्यांना माल घरपोच दिला होता. 1950 च्या दशकात ब्राझीलमधल्या बाउरू शहरात हाच प्रकार इतक्या जणांना एकदम झाला, की तिथल्या डॉक्टरांनी त्याचं वर्णन साथीसारखा दमा असं केलं.

वारा जिथे पोचला नाही तिथे आपण पोचलात. एरंडीशी कसलाही संबंध नसलेल्या कॉफीच्या कारखान्यांत तिची धूळ आपल्या पाठीवरून उतरली.

तिथल्या कामगारांची कहाणी सगळीकडे जवळपास सारखीच आहे. कच्च्या कॉफीचं पोतं फोडून हौदात ओतायचं, रिकामं झालं की झटकायचं. काही महिने काहीच होत नाही. मग शिंका सुरू होतात, डोळे चुरचुरतात, अंगावर गांधी उठतात आणि एखाद्या रात्री छातीत घरघर लागते. आपल्यावर मात्र कुणाचा संशय गेला नाही. संशय गेला तो कामगारावर. तब्येतच नाजूक आहे, हवा मानवत नाही, विड्या फार ओढतो. या प्रकरणातला सगळ्यात बोलका पुरावा होता कॅलेंडर : सुटीत छाती मोकळी, कामावर परतलं की पुन्हा आवळलेली. रोग्याला त्याचा धंदा विचारा, असं इटलीच्या बर्नार्दिनो रामाझिनीनं 1700 साली डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं. धान्य चाळणाऱ्या आणि मापणाऱ्या लोकांचे धुळीनं होणारे हालही त्यानं लिहून ठेवले होते. तीनशे वर्षांपूर्वीचा सल्ला अमलात आणायला घाई कशाला, असं बहुधा ठरलं असावं.

न्याय करायचा तर पोतेराव, सगळं खापर आपल्यावर फोडता येणार नाही. गुन्हेगार एरंडी की कॉफी, यावर तज्ज्ञांचं एरंडाचं गुऱ्हाळ बराच काळ चाललं. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या ट्युलेन विद्यापीठातल्या संशोधकांनी कॉफी कामगारांच्या बाबतीत दोन्ही बाजू तपासल्या. 1982 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात फुफ्फुसांच्या क्षमतेचं मोजमाप होतं. पुढे 2012 मध्ये खुद्द कॉफीच्या दाण्यातला पहिला अ‍ॅलर्जन नावानिशी सापडला. ‘कॉफ ए 1’ हे कायटिनेज जातीचं प्रथिन आहे. वनस्पती अशी प्रथिनं बुरशीपासून बचावासाठी वापरतात. कामगाराच्या नाकात गेल्यावर त्याला बुरशी आणि माणूस यांतला फरक कळत नाही.

आता यातली मौज पाहा. भट्टीत दाणा दोनशे अंशांच्या घरात तापला की या प्रथिनांचा जोर बराचसा मोडतो. त्यामुळे कपातल्या कॉफीची अ‍ॅलर्जी हा दुर्मीळ प्रकार. पिणारा सुरक्षित, सुगंध सुरक्षित, जाहिरात सुरक्षित. त्रास फक्त भट्टीच्या अलीकडे उभ्या असलेल्यांना.

पिणाऱ्याची काळजी घेतली जात नाही असं मात्र कुणी म्हणू नये. तागाचा धागा मऊ करायला पूर्वी खनिज तेल वापरत. त्याचा अंश कॉफी-कोकोत उतरतो म्हणून 1998 मध्ये खाद्यपदार्थांच्या पोत्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आलं आणि वनस्पती तेल वापरायचं ठरलं. आपल्या अंगाचा वास गिऱ्हाईकाच्या जिभेपर्यंत जाऊ नये, एवढी बारीक नजर! ही नजर रिकामं पोतं झटकणाऱ्याच्या नाकापर्यंत पोचायला मात्र वेळ लागतो. 2009 मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या कॉफी कामगारांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कच्चा माल उतरवताना हवेतली धूळ तिथल्या घनमीटरला 10 मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे गेलेली आढळली. 

आपल्या माहेरचंही बोलायला हवं. ताग बंगालचा, एरंडी मुख्यतः गुजरातची, कॉफी कर्नाटकची. भारत एरंडीचा जगातला सर्वांत मोठा उत्पादक आहे. तिघांची गाठ एकाच पोत्यात पडली तर राष्ट्रीय एकात्मतेचं याहून सुटसुटीत उदाहरण मिळणार नाही. चिक्कमगळूरु, हासन, मंगळूरु इथल्या क्युरिंग वर्क्समध्ये वाळलेल्या दाण्याचं टरफल काढतात, प्रतवारी करतात आणि काळे-फुटके दाणे वेचून बाजूला काढतात. या वेचणीला तिथं ‘गार्बलिंग’ म्हणतात. यंत्रं आली, तरी हे काम वर्षानुवर्षं प्रामुख्यानं बायकांनी केलं. मंगळूरुच्या किनाऱ्यावर ‘मॉन्सून्ड मलबार’ कॉफी तयार होते तेव्हा तर आपला मानच वेगळा : दाणे पसरायचे, पावसाळी हवेत फुगू द्यायचे, पुन्हा भरायचे, पुन्हा ओतायचे. प्रत्येक भरणी-ओतणीला आपण हजर.

एका आरोपातून मात्र आपली पूर्ण सुटका आहे. अमेरिकेत टेक्सासमधल्या टायलर शहरात कॉफी भाजून-दळून तिला कृत्रिम स्वाद लावणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांच्या सूक्ष्म श्वासनलिका कायमच्या आकसल्याचं 2013 मध्ये जाहीर झालं. तिथं बोट दाखवलं गेलं ते डायअ‍ॅसिटिल या रसायनाकडे. लोण्याचा वास देणारा हा पदार्थ स्वादात वापरतात आणि भाजताना कॉफीत आपणहूनही तयार होतो. ही अ‍ॅलर्जी नव्हे, आणि यात पोत्याचा हात नाही.

आता मागणं. एरंडी भरलेलं पोतं कॉफीला लावू नये. ओतणीच्या तोंडावर धूळ ओढून घेणारा पंखा असावा. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 14 नं धूळ उगमापाशीच ओढून घ्यायला सांगितलं होतं. तोंडावर बांधलेला फडका हा उपाय नव्हे. धाप लागलेल्या कामगाराला श्वासाचा जोर मोजणारा पीक फ्लो मीटर द्यावा आणि कामाच्या दिवसांत व सुटीत, दिवसातून निदान 4 वेळा, त्यात फुंकून आकडे लिहायला लावावेत. निदान लवकर झालं आणि धुळीतून वेळेत बाहेर पडता आलं तर बरं होण्याची शक्यता जास्त. ब्रिटननं भरपाईस पात्र अशा व्यवसायजन्य दम्याच्या कारणांत हिरव्या कॉफीची धूळ आणि एरंडीची धूळ या दोन्हींची नावं घातली आहेत. तिथं कामगाराला आपली तब्येत नाजूक नाही हे पुन्हा सिद्ध करत बसावं लागत नाही.

आपल्याला वाचता येत नाही, याची कल्पना आहे. म्हणून प्रती पुढे पाठवल्या आहेत. कळावे.

प्रत माहितीसाठी व आवश्यक कार्यवाहीसाठी :
1) जुनी पोती स्वस्तात मिळतात म्हणून खरेदीच्या कागदावर सही करणारे व्यवस्थापक.
2) धूळ ओढणाऱ्या पंख्याचा खर्च पुढच्या वर्षावर ढकलणारे हिशेबनीस.
3) कारखान्याचे डॉक्टर. यांनी खोकल्याचं औषध लिहिण्याआधी, सुटीत बरं वाटतं का, एवढं विचारावं.