चोरी बंद करण्याची खात्रीची पद्धत

मासळीची चोरी कशी थांबवावी, यावर जगभरातली सरकारं उगाच डोकेफोड करतात. अमेरिकेतल्या मेरीलँड आणि व्हर्जिनिया या शेजारी राज्यांनी पोटोमॅक नदीत आणि चेसापीक उपसागरात हा प्रश्न केव्हाच निकालात काढला. पद्धत सोपी आहे : चोरण्यासारखं काही शिल्लक ठेवायचं नाही.

अर्थात त्यासाठी पाया भक्कम लागतो. तो १६३२ साली इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाने घातला. मेरीलँडची सनद देताना त्याने पोटोमॅकचं पाणी थेट पलीकडच्या, म्हणजे व्हर्जिनियाच्या, काठापर्यंत मेरीलँडला देऊन टाकलं. नदी त्याने पाहिलेली नव्हती, त्यामुळे निर्णय निःपक्षपाती झाला. व्हर्जिनियाच्या माणसाने काठावरून पाण्यात पाय टाकला की तो परराज्यात.

१७८५ साली जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्ननच्या घरी समझोता झाला. व्हर्जिनियाने मेरीलँडची जहाजं उपसागराच्या तोंडातून कर न घेता सोडायची, मेरीलँडने व्हर्जिनियाकरांना नदीत मासेमारी करू द्यायची. मासळी राखण्याचा कायदा मात्र दोघांच्या संमतीशिवाय करायचा नाही. आणि व्हर्जिनियाचा माणूस नदीत गुन्हा करताना सापडलाच, तर खटला व्हर्जिनियाच्या कोर्टात. म्हणजे पकडणारे परके आणि न्याय देणारे आरोपीच्या गावचे. इतकी माया आपल्याकडे फक्त पतपेढ्यांच्या चौकशीत दिसते.

पुढे या पाण्यातल्या कालवांना, म्हणजे ऑयस्टरना, सोन्याचे दिवस आले. डबाबंद कालवं रेल्वेने दूरदूर जाऊ लागली. दातेरी लोखंडी ड्रेजने तळ खरवडून काढणाऱ्यांना आवरायला मेरीलँडने १८६८ साली खास पोलीस उभे केले. लोक त्यांना ‘ऑयस्टर नेव्ही’ म्हणत. १८८४-८५च्या हंगामात मेरीलँडमध्ये सुमारे दीड कोटी बुशेल कालवं निघाली. बंदोबस्त चोख होता, हे आकड्यावरून दिसतंच.

व्हर्जिनियाचे गव्हर्नर विल्यम कॅमेरॉन यांचा उत्साह त्याहून दांडगा. १८८२ साली ते स्वतः बोटीवर चढून रॅपाहॅनॉक नदीच्या मुखाशी चोरांवर चालून गेले. होड्या जप्त झाल्या, वाहवा झाली. वाहवा गोड लागल्यामुळे पुढच्या वर्षी स्वारी पुन्हा निघाली. या खेपेला ‘डान्सिंग मॉली’ नावाची होडी सरकारी आरमाराच्या हातावर तुरी देऊन निसटली आणि वर्तमानपत्रांना काही दिवस विषय पुरला. राज्यकर्त्याने असं काम खालच्या साहेबाकडे फाइल करून पाठवायचं असतं, हे त्यांना कोणी सांगितलं नसावं.

मेरीलँडची खरी प्रतिभा मात्र शिडात होती. ड्रेज ओढायची तर होडी शिडाचीच हवी, असा तिथला नियम होता. इंजिनाच्या होडीने ढकलायची मुभा १९६७ साली मिळाली, तीही आठवड्यातले दोन दिवस. तोवर परवानाधारक वाऱ्याची वाट पाहत बसे, आणि परवाना नसलेला रात्री वेगवान मोटरबोट घेऊन येई. पोलिसांनी मशीनगन आणल्या. १९५७ साली मेरीलँडने जुना समझोता एकतर्फी मोडला. एप्रिल १९५९मध्ये कलोनिअल बीचजवळ मेरीलँडच्या पोलिसांच्या गोळीने व्हर्जिनियाचा एक माणूस मेला. दोन्ही राज्यांना शहाणपण १९५८ सालच्या करारातच सुचलं होतं, पण राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या सहीने नदीसाठी संयुक्त आयोग कायम झाला तो १९६२ साली.

१९५९ सालीच उपसागरात ‘एमएसएक्स’ नावाचा परजीवी सापडला. तो कालवं मारतो. त्याच्याकडे दोन्ही राज्यांपैकी कुठलाच परवाना नव्हता, आणि त्याला कुठल्या कोर्टात उभं करायचं याची समझोत्यात तरतूद नव्हती.

२००३-०४च्या हंगामात मेरीलँडमध्ये अवघी २६ हजार बुशेल कालवं निघाली. मोठं कालव दिवसाला दीड-पावणेदोनशे लिटर पाणी गाळून स्वच्छ करू शकतं. हे काम ती विनापरवाना करत होती, तेव्हा त्यांना हटवणं कायद्याला धरूनच झालं म्हणायचं.

आता सरकार स्वतःच्या खर्चाने तळाशी कालवांची पिल्लं सोडतं, राखीव जागा आखतं, रडार आणि कॅमेरे लावतं. तिथे चोरी केली तर परवानाच जातो. जुन्या धंदेवाल्यांनी थोडा धीर धरावा. माल तयार होतो आहे.