मळ्यावरच्या हजेरी कारकुनास अनावृत पत्र

रा. रा. हजेरी कारकून साहेब,
मुक्काम ऊसमळा, तालुका इंदापूर, यांसी
स. न. वि. वि.

आपलं नाव मला माहीत नाही. राग मानू नये. माझ्या पणजीचं नाव आपल्याला कितीतरी हंगाम माहीत नव्हतं, तरी आपलं काम काही अडलं नाही. तिचं नाव मी इथेही लिहीत नाही. ती आपल्यासमोर रोज सकाळी उभी राहायची, तेव्हाच विचारलं असतंत तर कळलं असतं.

आपल्या वहीचं एकच पान माझ्या हाती लागलं, तेही रद्दीतून. अक्षर सुरेख आहे. वर तारीख, खाली रकाने : पुरुष, बायका, पोरं, बैल. बैलांपुढे कंसात रंग लिहिलाय, एकाच्या पुढे तर ‘डावं शिंग मोडकं’ असंही आहे. बायकांपुढे नुसता आकडा. आदल्या दिवशीपेक्षा तीन कमी, असा शेरा. माझी पणजी हजर असलेल्यांत होती की त्या तिघींत, हे मला ठरवायचंय. तिचं शिंग मोडकं असतं तर सोपं गेलं असतं.

आळस म्हणावा तर आपण आळशी नाही. आणि आपला तालुका तर कागदाच्या बाबतीत साऱ्या मुंबई इलाख्याचा गुरू. 1835-36 साली गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी नवी जमीन मोजणी सुरू केली ती इंदापुरातच. तेहतीस फुटांची साखळी, चाळीस गुंठ्यांचा एकर, हद्दीवर दगड, प्रत्येक शेताला नंबर, मातीचा कस आण्यांत आणि आकार तीस वर्षांसाठी पक्का. इथे जमलेली रीत मग इलाखाभर गेली. आजचा सातबारा त्याच घराण्यातला. इंदापुरातल्या कुठल्याही मुरमाड तुकड्याची कुंडली आपण पावणेदोनशे वर्षांहूनही मागे नेऊ शकता. त्या तुकड्यावर कोण राबलं, हे विचारलं की मात्र आपल्याला चष्मा सापडत नाही.

बरं, आमच्या लोकांचं नाव कधी लिहिलंच गेलं नाही, असं म्हणण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. सावकाराने लिहिलं. बापाचं नाव, गाव, रक्कम, व्याज, खाली अंगठा किंवा नांगराची निशाणी. इतकी प्रेमाने केलेली नोंद आमच्या वाट्याला पुन्हा आली नाही. आणि आमच्या येड्यांनी काय करावं? 12 मे 1875 ला सुप्यात, आजच्या बारामती तालुक्यात, भर बाजारात सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि खतं, रोखे, चोपड्या काढून पेटवून दिल्या. मग ते लोण आसपासच्या तालुक्यांत गेलं. सरकारने चौकशी आयोग नेमला, 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. इतिहासाच्या पुस्तकांत याचं कौतुक आहे. पण वंशावळ शोधणाऱ्या माणसाला विचारा : खापरपणजोबांचं नाव ज्या एकमेव कागदावर असू शकलं असतं, तो कागद बहुधा त्यांनीच जाळला. योग्यच केलं म्हणा. माझी अडचण नंतरची आहे.

पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. माणसं खडी फोडायला आणि मातीकामावर लावली. सरकारने पाठवलेल्या रिचर्ड टेंपलसाहेबांनी 1877 मध्ये हिशेब करून ठरवलं, की धडधाकट गड्याला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत. हजारो लोक कामं सोडून निघून गेले, पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे तक्रारी केल्या. त्या पौंडावर आजही कोणी ना कोणी प्रबंध लिहितो. धान्याचं वजन राहिलं, खाणारे गेले. त्या कामांवरही आपणच होतात ना? अक्षर ओळखीचं वाटतं.

एक गोष्ट मला उशिरा उमगली, साहेब, आणि तेव्हापासून आपल्याबद्दलचा आदर वाढला. मी समजत होतो की आपण नाव लिहायला विसरलात. आपण विसरणारे नाही. आमच्याकडून काही यायचं असेल तेव्हा नाव लागतं. आम्हाला काही द्यायचं असेल तेव्हा नाव अंगाशी येतं. 1948 चा कूळकायदा आणि 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन आठवतो ना? कागदावर ज्याचं नाव कूळ म्हणून लागलं होतं, तो कसत्या जमिनीचा मालक होऊ लागला. एका रकान्यातल्या चार अक्षरांनी वाडे हलले. त्यानंतर शहाण्या माणसाने मजुराचं नाव वहीत कशाला घ्यावं? वर कायमपणाचा प्रश्न, फंड, ग्रॅच्युइटी. वर्षात 240 दिवस भरले की गडी हक्क सांगायला येतो. आकडा येत नाही. आकड्याचे 240 दिवस भरतच नाहीत, तो रोज नवा असतो.

तालुक्यातच दाखला आहे. 1930 च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर कारखाना उभा केला आणि वालचंदनगर वसलं. ऊस कंपन्यांनी राज्यात ठिकठिकाणी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या. 1961 च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर त्या सरकारकडे आल्या, त्या कसायला 1963 मध्ये शेती महामंडळ निघालं. खंडकरी, म्हणजे खंडाने जमीन दिलेले शेतकरी, पुढची पन्नास वर्षं भांडले आणि 2012 पासून त्यांना जमिनी परत मिळू लागल्या. मिळायलाच हव्या होत्या. त्यांच्याकडे खंडाचे करार होते, गट नंबर होते. त्याच मळ्यांच्या चाळींत ज्यांच्या पिढ्या जन्मल्या, ते दोन-दोन गुंठे मागत राहिले. त्यांना विचारतात, पुरावा काय?

आपल्या शागिर्दांचंही कौतुक करायला हवं. बीड, नगरकडून ऊसतोडीला येणारं नवरा-बायकोचं जोडपं आजही एक कोयता म्हणून मोजतात. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. करार मुकादमाशी, पैसे मुकादमाच्या हातून. ती बाई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, पण हिशेबात ती नवऱ्याच्या कोयत्याची मूठ. आगाऊ दिलेली उचल मात्र नावानिशी, पै-पैशासकट. सुप्यात जी वही जाळली, तिची ही पुढची आवृत्ती, फक्त आता ती मुकादमाच्या खिशात मावते.

मला काय मिळालं ते सांगतो, म्हणजे आपल्याला पुढच्या वेळी अधिक काळजी घेता येईल. आजोबांच्या शाळेच्या दाखला रजिस्टरात पालकाचा धंदा ‘मजुरी’ आणि राहणार ‘मळा’ एवढं आहे. तो मास्तर बेसावध राहिला. कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना 14 मध्ये, पणजीच्या एका लेकराचा मृत्यू आहे : तारीख, आजार ‘ताप’, आणि जात अगदी ठळक. 2023 मध्ये कुणबी नोंदींसाठी तहसिलींतले हे दप्तर उपसायला लागले आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला, तेव्हा मीही त्या गर्दीत घुसलो. जात तीन ठिकाणी सापडली, तिन्ही ठिकाणी स्वच्छ. ती कुठल्या चाळीत राहत होती, कुठल्या पाटाच्या कडेला लागण करत होती, हे एकाही ठिकाणी नाही. ते एका म्हाताऱ्या शेजारणीने सांगितलं : विहिरीकडून तिसरी खोली, पावसात गळणारी, आणि पणजी पाण्याची पाळी धरायला रात्री कंदील घेऊन जायची. आता तिथे ऊसच आहे. तालुक्यातल्याच भादलवाडीच्या तलावावर मात्र चित्रबलाकांची घरटी मोजायला पक्षिमित्र दुर्बिणी घेऊन येतात, वर्षावर्षाला तुलना करतात. मला त्यांचा हेवा वाटतो.

आपल्या वह्या मागायला एका खिडकीवर गेलो होतो. तिथल्या गृहस्थांनी सरकारी दप्तराचे वर्ग समजावून सांगितले : अ वर्ग कायमचा, ब तीस वर्षं, क त्याहून कमी, ड वर्षभर. जमिनीचे कागद अ मध्ये. मजुरांची हजेरी कशात, ते विचारलं तर त्यांनी चहा मागवला. मग म्हणाले, त्या मुदतीनंतर रीतसर नष्ट केल्या. नष्ट करताना यादी करतात, तिच्यावर वही क्रमांक, पानं, तारीख आणि दोन पंचांच्या सह्या असतात, आणि ती यादी मात्र जपून ठेवतात.

तेव्हा विनंती अशी की त्या यादीची नक्कल द्यावी. नकलेची फी सोबत जोडली आहे. अर्जदाराचं नाव, वय, पत्ता, धंदा, सगळं आपल्या नमुन्यात भरलंय. एकही रकाना कोरा ठेवलेला नाही.

कळावे,
आपला,
अर्जदार